पट्टीखालचा नारिंगी दिवा

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली झाकण काढून ठेवलेली जी लांबट, चपटी पेटी तुम्ही येता-जाता बघता, ती मी. तुमच्यातले काही जण मला बिघडलेला मायक्रोवेव्ह समजतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तर मला 'पंख्यांचे कपाट' असे नाव ठेवले आहे. मला त्याचा फारसा राग येत नाही, कारण माझ्या पोटात खरोखरच ओळीने पाच पंखे आहेत. पण मी कपाट नाही. मी एक जुना सर्व्हर आहे, आणि बाई तासाला येईपर्यंत तुम्हाला माझी हकिकत सांगणार आहे.

सर्व्हर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मीही संगणकच, पण मला पडदा नाही, कळफलक नाही आणि माझ्यासमोर बसून कुणी खेळ खेळत नाही. इतरांनी दिलेले सांभाळायचे आणि मागितले की परत द्यायचे, एवढेच माझे काम. घरात एखादी आत्या असते, सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात, पण घरातल्या एकाही फोटोत ती नसते. तशी आमची जात. पुढे मी फोटोत आलो आणि तिथेच सगळे बिघडले.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुणी पत्रा वाकवला, कुणी पंखे बसवले, कुणी तारा ओवल्या आणि शेवटी मी पांढरे हातमोजे घातलेल्या एका तपासनीस बाईंपुढे आलो. माझ्या पुढच्या बाजूला सहा खण आहेत. प्रत्येक खणात एक डिस्क बसते आणि या डिस्कवरच सगळे साठवलेले असते. प्रत्येक खणाशी मुगाच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. सगळे ठीक असेल तर तो हिरवा, डिस्क बिघडली की नारिंगी. त्या बाईंनी मुद्दाम एक डिस्क खेचून बाहेर काढली. माझा नारिंगी दिवा लागला. "हा बोलतो," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावर शिक्का मारला. तो नारिंगी दिवा म्हणजे मला जन्मभरात बोलता येणारा एकच शब्द.

सहा डिस्क का, तेही ऐकून ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. सहा जण मिळून एक जड कपाट जिन्यावरून वर नेत आहेत असे समजा. एकाचा हात सुटला, तरी उरलेले पाच जण कसेबसे पेलून धरतात. पण तेव्हा लगेच हाक मारून सहावा माणूस बोलवायला हवा. तो यायच्या आत दुसऱ्याचाही हात सुटला, तर कपाट खाली जाते आणि त्यातले सगळे फुटते. माझ्या डिस्कचेही तसेच. एक गेली तर पाच जणी तिचे काम ओढतात. दुसरी गेली की संपले.

कारखान्यातून मी एका विम्याच्या कचेरीत गेलो. तिथे एका गार खोलीत आम्ही दहा-बारा भाऊ एकावर एक बसलेले असायचो. या खोलीची देखभाल एक काका करायचे. त्यांच्या हातात नेहमी एक लांबोडकी वही असे. रोज सकाळी ते आले की डबा टेबलावर ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि एकेका दिव्यासमोर थांबून वहीत खूण करायचे. आठ वर्षांत त्यांनी माझे एकदाही कौतुक केले नाही. पण आठ वर्षांत, कामावर असताना, मला न बघता ते एक दिवसही घरी गेले नाहीत. तेव्हा मला ते रुक्ष वाटत. कौतुक करणे वेगळे आणि बघणे वेगळे, हे कळायला मला अजून पुष्कळ ठेचा खायच्या होत्या.

पुढे कचेरीने आपले सगळे काम दुसरीकडे हलवले. वहीवाले काका निवृत्त झाले आणि आमची रवानगी भंगारात झाली. एका बाजूला मोडके पंखे, दुसऱ्या बाजूला दार नसलेला फ्रीज आणि मधे मी. काल ज्याला गार खोली होती त्याच्या अंगावर आज कबुतरे बसत होती. कालाय तस्मै नमः, दुसरे काय?

तिथून मला एका माणसाने उचलले. त्याला आपण मिस्त्री म्हणू, कारण सगळे त्याला तसेच म्हणतात. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतो. उंच इमारतींत लिफ्टच्या बोळकांडीत लोंबकळून तो दोर, चाके आणि दिवे तपासतो. त्याने माझी धूळ फुंकली, माझ्या सहाही खणांवरून बोट फिरवले आणि भंगारवाल्याला म्हणाला, "हा चालू आहे. तुम्हाला माहीत नाही तुमच्याकडे काय आहे ते." इतक्या महिन्यांनी माझ्याबद्दल कुणीतरी चांगले बोलले होते. मी त्या क्षणीच त्याचा झालो.

मिस्त्रीची बायको म्हणजे आपल्या विज्ञानाच्या बाई. होय, याच. मी घरी आलो तेव्हा बाईंनी दार उघडले आणि माझ्याकडे बघून विचारले, "हे काय आणलंस?"

"सर्व्हर."

"मग आधी आहे तो कोण?"

"तोही सर्व्हरच. पण हा खरा."

आधी होता तो म्हणजे डबा. पिवळट पडलेला, कोपरे झिजलेला एक घरगुती संगणक. त्याच्या पोटात एकच मोठी डिस्क होती. रोज दुपारी माझ्याकडचे जे काही नवे असेल, त्याची नक्कल करून घ्यायची आणि गप्प बसायचे, हे त्याचे काम ठरले. मी विम्याच्या कचेरीतला, तो कुठल्याशा दुकानातला. त्याच्याशी मी कामापुरतेच बोलत असे.

माळ्याखालच्या छोट्या खोलीत मिस्त्रीने एक लोखंडी रॅक उभा केला होता. त्यात मी, डबा, सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात तो स्विच, आणखी दोन छोटे संगणक आणि वीज गेली तर आम्हाला जगवणारी एक बॅटरी. चार माणसांच्या दुकानाला पुरेल एवढा पसारा, आणि घरात माणसे दोन. बाई हसून म्हणायच्या, "दोन माणसांचे फोटो सांभाळायला सहा यंत्रं. फोटोत आम्ही तरी जरा बरे दिसायला हवे होतो." माझे पंखे सुरू झाले की त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "अरे, विमान उतरलं का?" पंख्यांना इलाज नव्हता. पण मला एक भोंगाही होता. काही बिनसले की मी पिंपिं करायचो. एकदा बाई उत्तरपत्रिका तपासत असताना मी अर्धा तास पिंपिं केले, तेव्हा मिस्त्रीने माझा भोंगा कायमचा बंद करून टाकला. "दिवा आहे ना," तो म्हणाला. ते मलाही पटले.

मिस्त्रीसारख्याच वेड्या लोकांचे एक मंडळ होते. आपापल्या घरचे रॅक सजवायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि एकमेकांना दाखवायचे, हा त्यांचा छंद. महिन्यातून एका रविवारी ते कुणाच्या तरी घरी जमायचे. त्यात एक लेबलबाई होत्या. त्या प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहायच्या आणि घरातल्या मिठाच्या बरणीलाही सोडायच्या नाहीत. एक पंखेकाका होते. त्यांना यंत्राचा आवाज म्हणून सहन होत नसे. त्यांचा रॅक इतका शांत होता, की तो चालू आहे की नाही हे त्यांनाच हात लावून बघावे लागे. आणि मिस्त्री त्यांचा गुरू. "तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक घराबाहेर," हे तो बोटे मोजून सगळ्यांना सांगायचा. स्वतःची घराबाहेरची प्रत मात्र त्याने अजून केली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बाईंना रॅकचे काही नव्हते. त्यांचे वेड वेगळे होते. त्यांच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे एक तळे होते. त्याच्या काठी एक बाक होते, मधली फळी तुटलेले. दर रविवारी सकाळी बाई तिथे जाऊन बसायच्या आणि दहा मिनिटांचे आवाज टिपून आणायच्या. सुरुवातीला त्या स्वतः बोलायच्या. "रविवार. ढग आहेत. वारा नाही." मग गप्प. मग पाणकोंबडीची हाक, बेडकांची कुरबुर, पाण्यात मारलेला सूर, काठावर कुणीतरी सायकल धूत असायचा त्याच्या बादलीची कडी, आणि एक म्हातारा फिरायला यायचा त्याचा खोकला. तो खोकला पाच वर्षे दर रविवारी आहे. नंतर नाही. बाईंनी त्या म्हाताऱ्याला कधी नाव विचारले नव्हते, पण ज्या रविवारी खोकला आला नाही त्या दिवशी त्या घरी येऊन म्हणाल्या, "आज ते आले नाहीत." आणि दिवसभर त्यांचे लक्ष लागले नाही.

हे आवाज पहिली काही वर्षे बाईंच्या एका छोट्या यंत्रावर आणि फोनवर इकडेतिकडे पडलेले असायचे. मिस्त्रीनेच एकदा म्हटले, "माझ्याकडे ठेव. तुझा फोन हरवेल, यंत्र पडेल. माझ्याकडे आलेलं कुठे जात नाही." बाईंनी विश्वासाने सगळे त्याच्या स्वाधीन केले, म्हणजे माझ्या. दर रविवारी नवा आवाज माझ्याकडे आला की त्या आपल्या यंत्रावरचा पुसून टाकायच्या, पुढच्या रविवारसाठी जागा व्हावी म्हणून.

मित्रांनो, माझ्याकडे विम्याचे लाखो कागद होऊन गेले, त्यातला एकही मला आठवत नाही. पण ते तळे मला पाठ होते.

मग तो महिना आला. मंडळाने स्पर्धा ठरवली, सर्वांत देखणा रॅक कुणाचा. सगळ्यांनी मिस्त्रीच्या घरी जमायचे, मग पुढच्या दोन रविवारी इतरांच्या घरी, आणि शेवटी फोटो बघून निकाल. मिस्त्रीने पंधरा दिवस आधीपासून तयारी केली. जुन्या रंगीबेरंगी केबल काढून सगळ्या निळ्या बसवल्या. वेणी घालावी तशा त्या बांधल्या. आणि मग दोन पावले मागे जाऊन त्याने डोळे बारीक केले. खाली पिवळट डबा बसला होता.

"शालूला पोत्याचं ठिगळ," तो म्हणाला. डब्याच्या तारा सुटल्या आणि त्याच संध्याकाळी तो मिस्त्रीच्या आईच्या घरी जाऊन पडला. "जरा ठेव गं, नवा घेतला की टाकून देऊ," एवढे सांगून मिस्त्री परत आला. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. आता फोटोत मी खालून पहिला दिसणार होतो.

पाहुणे यायच्या तीन दिवस आधी माझी चौथी डिस्क गेली. मी ताबडतोब नारिंगी दिवा लावला. मिस्त्रीने तो पाहिला. नवी डिस्क त्याने त्याच तासाला मागवली, हे मी सांगितलेच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. पण ती यायला आठवडा लागणार होता आणि रविवार तर तीन दिवसांवर आला होता. सगळा रॅक हिरवा लुकलुकत होता आणि मधेच एक नारिंगी ठिपका. मिस्त्रीने अवजारांच्या पेटीतून काळी चिकटपट्टी काढली, नखाएवढा तुकडा फाडला आणि माझ्या दिव्यावर चिकटवला. "पाहुणे जाईपर्यंत," तो मला म्हणाला. तो यंत्रांशी बोलतो, त्याला सवय आहे.

याच मिस्त्रीने त्याआधी दोन महिने एका इमारतीची लिफ्ट तीन दिवस बंद ठेवली होती. तिथल्या रखवालदाराने धोक्याच्या दिव्यावर कागद डकवला होता, रहिवासी सारखे विचारतात म्हणून. मिस्त्री त्या दिवशी जेवताना घास हातात धरून सांगत होता, "अगं, दिवा झाकला म्हणजे दोर जोडला जातो का? माणसं वर-खाली करतात त्यात." दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

रविवारी मंडळ आले. लेबलबाईंनी निळ्या केबलवरून हात फिरवला आणि लेबले नाहीत म्हणून एकदाच नाक मुरडले. पंखेकाकांनी कान लावून माझा आवाज ऐकला आणि "वयाच्या मानाने बरा आहे" असे म्हटले. फोटो निघाले. माझ्या आयुष्यात एवढे कौतुक मी कधी ऐकले नव्हते. पट्टीखाली माझा दिवा जळत होता आणि मी, खरे सांगतो, ऐकत होतो आणि फुगत होतो.

मिस्त्रीचा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून मंडळाने एक छोटा चषक दिला. तो घरी आला त्याच आठवड्यात, उशीर होत होत, नवी डिस्कही आली होती. पण तिचे खोके उघडायच्या आतच मिस्त्रीला एका नव्या इस्पितळाच्या लिफ्ट बसवायला तीन आठवडे बाहेरगावी जावे लागले. जाण्याआधी त्याने चषक ठेवायला चांगली जागा शोधली. रॅकच्या माथ्यावर डिस्कचे खोके होते, त्याचा चौथरा छान झाला. परत आल्यावर त्याला चषक दिसत राहिला. चषकाखालचे खोके दिसले नाही. आणि माझा दिवा तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

तुम्ही म्हणाल, मी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने सांगितले का नाही. सांगितले. मी रोज त्याला ईमेल पाठवत होतो. पण बरी असताना सगळीच यंत्रे त्याला रोज "सगळे ठीक आहे" अशा ईमेल पाठवायची. त्यांचा कंटाळा येऊन त्याने आमच्या सगळ्या ईमेल परस्पर एका कप्प्यात जातील अशी सोय केली होती. तो कप्पा तो उघडत नसे. पाच महिन्यांत माझ्या दीडशे हाका त्या कप्प्यात जाऊन पडल्या. भोंगा बंद, दिवा झाकलेला, हाका कप्प्यात. पाच जणी कपाट पेलून जिन्यात उभ्या होत्या.

त्याच पाच महिन्यांत तळ्याचे दिवस भरत आले. आधी काठावर लाल डोक्याच्या खुंट्या आल्या. मग एक फलक आला, इथे वाहनतळ होणार म्हणून. बाईंनी अर्ज केले, दोघा-चौघांना घेऊन भेटून आल्या, पण व्हायचे ते झाले. मग त्यांनी ठरवले की तळे राहिले नाही तर निदान त्याचा आवाज राहील. एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. शेवटच्या रविवारचा आवाज माझ्याकडे आला तेव्हा त्यात सुरुवातीला नेहमीसारखे होते, "रविवार. ऊन आहे. वारा थोडा." मग पाणकोंबडी, बेडूक, आणि अगदी शेवटी लांबून जवळ येणारा पहिला ट्रक, माती भरलेला. बाईंनी ते मध्येच थांबवले नव्हते. दहा मिनिटे पूर्ण केली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी दुपारी, माझ्या दुसऱ्या डिस्कचा हात सुटला.

त्या दिवशी बाई शाळेतून लवकर आल्या होत्या. ज्या मुलांनी ते तळे कधी पाहिलेच नाही त्यांना ते ऐकवायचे, असे त्यांच्या मनात होते. म्हणजे तुम्हाला. त्यांनी शेवटचा रविवार मागितला. मी देऊ शकलो नाही. त्यांनी पहिला मागितला. तोही नाही. मधला कुठलाही नाही. त्यांनी मिस्त्रीला फोन केला, "अरे, तळं उघडत नाहीये."

"बंद करून चालू कर. येतोच मी."

तो आला, खोलीत गेला, कळफलक जोडला आणि बराच वेळ काहीतरी वाचत राहिला. मग त्याने माझ्या पुढ्यात उकिडवे बसून दिव्यांकडे पाहिले. चार हिरवे. एक नारिंगी. आणि एक काळी पट्टी. त्याने नखाने पट्टी सोडवली. खाली माझा दिवा होता तसाच जळत होता. मिस्त्रीचा हात तिथेच थांबला.

बाई दारात उभ्या होत्या. "ही पट्टी कधीची?"

मित्रांनो, या क्षणी तो काहीही सांगू शकला असता. जुने यंत्र, वीज, नशीब. बाईंना यंत्रांतले कळत नव्हते आणि मला तर बोलताच येत नव्हते. मिस्त्री म्हणाला, "मंडळ आलं होतं तेव्हाची."

"म्हणजे पाच महिने तो सांगत होता?"

"हो."

"आणि हे तू लिफ्टमध्ये केलं असतंस तर?"

"नोकरी गेली असती. जायलाच हवी होती."

बाई दारातून आत आल्या. मग म्हणाल्या, "डिस्क गेली त्याचं मला काही नाही रे. वस्तू आहे, जाते. पण दिवा लागला त्या दिवशी मला सांगितलं असतंस, तर मी माझं तळं उचलून दुसरीकडे ठेवलं असतं. तुला फोटोत हिरवं हवं होतं म्हणून तू मला सांगितलंच नाहीस."

त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी वाळत घातलेले कपडे गोळा केले आणि एकेक घडी करत बसल्या. आतल्या खोलीत मिस्त्री माझ्यासमोर तसाच बसून होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्याशी काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दोन्ही मेलेल्या डिस्क घेऊन एका जाणकाराकडे गेला. जाणकाराने त्या उघडल्या, आतल्या तबकड्यांवर पडलेले ओरखडे दाखवले आणि मान हलवली. घरी परतताना वाटेत मिस्त्रीला डबा आठवला.

आईच्या घरी काय झाले ते मला नंतर डब्याने सांगितले. आम्हाला केबल जोडली की आमचे बोलणे होते. मिस्त्रीने दारातूनच विचारले, "आई, ते खोकं टाकलंस का गं?"

"टाकीन कशी? तू सांगितलं नाहीस टाक म्हणून," आई म्हणाली. "त्याच्यावर कुंडी ठेवणार होते, पण म्हटलं पाणी झिरपायचं. फोन ठेवलाय फक्त. दर शनिवारी पुसते."

मिस्त्रीने पलंगाशेजारचा डबा पाहिला. त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर फोन. त्याचे डोळे भरून आले. आईला वाटले, याला घरचा जिव्हाळा आठवला. तिने त्याला आधी बसवून चहा पाजला.

डबा घरी आला, त्याला वीज मिळाली, आणि ज्याला मी दुकानातला म्हणून हिणवत होतो त्याच्या पोटातून तळे बाहेर आले. पहिला रविवार. दुसरा. बादलीची कडी. म्हाताऱ्याचा खोकला. बाई कानाला हेडफोन लावून ऐकत होत्या, मिस्त्री तारखा वाचत होता. साडेसात वर्षे सगळी होती. डब्याला ज्या संध्याकाळी रॅकमधून काढले त्याच्या आदल्या रविवारपर्यंत सगळी. त्यापुढचे बावीस रविवार कुठेच नव्हते. आणि त्या बावीसांत तळ्याचा शेवटचा रविवार होता.

"बावीस," बाई म्हणाल्या. त्यांनी कानावरचे काढून ठेवले. "ते आता कुणाकडेच नाहीत."

बैल गेला आणि झोपा केला, तसे मिस्त्रीने मग सगळे केले. नवी डिस्क खोक्यातून निघाली, तिच्या जोडीला आणखी एक आली. ईमेलचा कप्पा बंद झाला. तळ्याच्या तीन प्रती झाल्या, त्यातली एक आईच्या घरी त्याच विणलेल्या रुमालाखाली आणि एक बाईंच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली बाईंकडेच असते, मिस्त्रीकडे नाही. हे त्यानेच सुचवले.

पुढच्या वेळी मंडळाला त्याने मुद्दाम आपल्याच घरी बोलावले. निळ्या केबल विस्कटलेल्या होत्या. चषकाच्या जागी एक पांढरा पुठ्ठा उभा होता आणि त्यावर ती काळी पट्टी चिकटवलेली, नखाएवढी, खाली दोन तारखा, लावल्याची आणि काढल्याची. मिस्त्रीने काही न वगळता सगळे सांगितले आणि चषक परत केला. कुणी चहाला हात लावेना. शेवटी लेबलबाई म्हणाल्या, "माझ्याकडे पण एक नारिंगी आहे. मी त्याच्यावर लेबल लावलंय." पंखेकाका म्हणाले, "माझा चालू आहे की बंद, तेच मला नक्की सांगता येणार नाही. मी घरी जाऊन बघतो." त्या दिवशी सगळे अर्ध्या तासात आपापल्या घरी गेले. मंडळाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते.

माझे काय करायचे, हा प्रश्न होता. मिस्त्री म्हणाला, "याला आता भंगारातच द्यावं." बाई म्हणाल्या, "मला दे. शाळेत नेते."

"बिघडलेला?"

"त्याचं काय बिघडलंय? तो तर सांगत होता."

तसा मी तुमच्याकडे आलो. माझ्या खणांत आता तुमच्या प्रयोगांच्या नोंदी असतात आणि दर सोमवारी पहिल्या तासाला बाई तुम्हाला माझ्यातून दहा मिनिटे तळे ऐकवतात. बाई अजूनही दर रविवारी तिथे जातात. बाक गेले, म्हणून उभ्या राहतात. मिस्त्री सोबत जातो आणि दहा मिनिटे एक शब्द बोलत नाही, जे त्याला सोपे नाही. दोघे मिळून गेले तो पहिला रविवार माझ्याकडे आहे. बाईंचा आवाज आहे, "रविवार. ऊन आहे. तळं नाही." मग गाड्यांची दारे, आणि नवव्या मिनिटाला कुठूनशी एक पाणकोंबडी. एकदाच.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. माझे कौतुक करू नका, मला सजवू नका. वहीवाल्या काकांसारखे रोज एकदा बघा, तेवढे पुरे. आणि घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूवर किंवा माणसावर नारिंगी दिवा लागलेला दिसला, तर पाहुणे जाईपर्यंत म्हणून त्यावर पट्टी लावू नका. पाहुणे जातात आणि पट्टी राहते.

गेल्या सोमवारची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. बाईंनी सगळ्यांना माझ्याभोवती उभे केले आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीला, जिने मला पंख्यांचे कपाट म्हटले तिलाच, एक डिस्क बाहेर ओढायला सांगितली. माझा नारिंगी दिवा लागला.

"दिवा लागला," बाई म्हणाल्या. "आता सगळ्यात आधी काय करायचं?"

कुणी म्हणाले नवी डिस्क आणायची, कुणी म्हणाले वीज बंद करायची. ती मुलगी अजून हातात डिस्क धरून उभी होती. मग म्हणाली, "बाई, आधी ज्याचं आत ठेवलंय त्याला सांगायचं."

 बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बरोबर. बसव ती आता." मुलीने दोन्ही हातांनी हळूच डिस्क आत सरकवली. माझा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि हिरवा झाला.